तेरा कार्डं पाठ

टेबल नंबर अकरावरून हात वर आला तेव्हा स्पर्धेचा राउंड सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती.

“मॅडम, हे काका मुद्दाम वेळ काढतायत,” हात वर करणारा तरुण म्हणाला. ठाण्याहून आला होता, रविवार असूनही गळ्यात आयटी कंपनीचं ओळखपत्र होतं. “मी कार्ड टाकलं की वाचून दाखव म्हणतात. प्रत्येक कार्ड. हा काय वाचनवर्ग आहे?”

समोरचा माणूस पंचावन्नच्या आसपासचा होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं, हातात सात कार्डं. मी “बघते” एवढंच म्हणाले आणि टेबलाशेजारी उभी राहिले. तक्रार आली म्हणून जजने लगेच निकाल द्यायचा नसतो. दोन-तीन फेऱ्या गुपचूप बघायच्या, मग तोंड उघडायचं.

मी बघितलं. तो माणूस हातातलं एक कार्ड पुढे ओढायचा, त्यावर नजर खिळवून ओठ हलवायचा, मागे सरकवायचा, मग पुढचं ओढायचा. सातही झाली की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी तो टाकायचा ते कार्ड बरोबर असायचं, पण तोवर दीड-दोन मिनिटं गेलेली असायची. एका राउंडला पन्नास मिनिटं असतात आणि त्यात तीन डाव बसवायचे असतात. मी वॉर्निंग दिली. त्याने मान डोलावली.

पंधरा मिनिटांनी पुन्हा तोच हात वर आला. दुसऱ्या खेपेला वॉर्निंग नसते, डाव जातो. मी स्लिप लिहिली, त्याच्यापुढे ठेवली आणि वाचून सही करायला सांगितलं. त्याने स्लिप हातात घेतली, वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, चार ओळी वाचायला माणसाला जितका वेळ लागतो तितका घेतला आणि सही केली. सही झोकदार होती, खाली एक रेघ ओढलेली. मग कार्डं गोळा करून, टेबलावर ठोकून कडा सारख्या केल्या, ती डबीत ठेवली आणि म्हणाला, “थँक्यू, मॅडम.”

मला तेव्हा बरंच वाटलं. नियम पाळला गेला होता आणि कुणी आवाज चढवला नव्हता.

मी एका कार्ड गेमच्या कंपनीत रूल्स मॅनेजर आहे. महाप्याच्या एमआयडीसीत, एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. त्याआधी एकोणीस वर्षं मी विमा कंपनीत पॉलिसीची कलमं लिहायचे. कोणत्या परिस्थितीत पैसे मिळणार नाहीत, हे मिळणार आहेत असं वाटेल अशा भाषेत लिहायचं, हे ते काम. व्हीआरएस घेतली तेव्हा वाटलं होतं, सुटले. मग आमच्याच सोसायटीतल्या अभिजितने गेम काढायचं ठरवलं आणि त्याला नियम लिहिणारं माणूस हवं होतं. तो मला मीटिंगमध्ये मॅडम म्हणतो आणि चिडला की काकू.

गेमचं नाव ‘बारा बंदरं’. नातेवाइकांना सांगितलं की त्यांना वाटतं रमी किंवा तीन पत्ती, म्हणून थोडं समजावून सांगते. ह्या प्रकाराला ट्रेडिंग कार्ड गेम म्हणतात. कार्डं बंद पाकिटात मिळतात, आत काय निघेल ते माहीत नसतं. जमलेल्या कार्डांतून प्रत्येकाने आपली पन्नास निवडायची. ती पन्नास म्हणजे तुमचा डेक. समोरच्याचा डेक वेगळा, तुमचा वेगळा. कार्डांवर गलबतं असतात, ती चालवणारे तांडेल असतात, वारे असतात, आणि प्रत्येक कार्डावर चित्राखाली ते काय करतं ते लिहिलेलं असतं. आधी सात बंदरं घेईल तो जिंकला. म्हणजे अर्धा खेळ टेबलावर बसण्याआधीच झालेला असतो, कुठली पन्नास घेतली त्यात.

ही पन्नास निवडताना एक बंधन होतं. एकाच कार्डाच्या जास्तीत जास्त चार प्रती. ह्या चाराच्या आकड्यावर सगळा खेळ उभा असतो. चार प्रती असल्या तर पहिल्या सात कार्डांत ते कार्ड जवळजवळ निम्म्या वेळा येतं. दोनच असल्या तर चारातून एकदा. म्हणून चार प्रतींचा नियम असतो तेव्हा लोक एक बेत ठरवतात आणि त्याच बेताची तेरा प्रकारची कार्डं चार-चार भरतात. दोन प्रतींचा नियम झाला की एक बेत चालत नाही. पंचवीस प्रकारची कार्डं लागतात आणि हातात जे येईल त्यातून वाट काढावी लागते.

आम्ही चाराचे दोन केले होते. त्याला कारण होतं ‘उधाण’ नावाचं एक कार्ड, आणि उधाण मी लिहिलं होतं.

ते कार्ड असं होतं: ‘तुमच्या बंदरात तीन किंवा अधिक गलबते असतील आणि या फेरीत तुम्ही माल उतरवला नसेल, तर त्यांपैकी कोणतीही दोन गलबते हातात परत घेऊन, वारा खर्च न करता, तितकीच दुसरी गलबते मांडा, ती याच फेरीत निघू शकतात.’ मला त्या वाक्याचा अभिमान होता. विम्याची सवय, जिथे भोक दिसेल तिथे अट ठोकायची. मी चार अटी ठोकल्या आणि पाचवी राहिली. एका फेरीत एकदाच, हे शब्द त्यात नव्हते. दोन उधाणं हातात आली की पहिल्याने उचललेली गलबतं दुसऱ्याने मांडता येत होती. तिसरं आलं तर विचारूच नका. चौथ्या फेरीत डाव संपायला लागले. स्पर्धांमध्ये टेबलामागून टेबल तोच डेक दिसायला लागला.

उपाय दोन होते. एक, उधाणाची एकच प्रत ठेवायची, असा त्या एका कार्डावर निर्बंध घालायचा. दुसरा, सगळ्याच कार्डांच्या प्रती दोनवर आणायच्या. पहिला उपाय साधा होता. पण त्यात जाहीर होत होतं की हे कार्ड चुकलं. नव्या बॉक्सच्या झाकणावर उधाणाचंच चित्र होतं, त्यामुळे अभिजितला तो नको होता. आणि खरं सांगायचं तर मलाही नको होता. मी मीटिंगमध्ये अर्धा तास बोलले. वैविध्य वाढेल, नवीन डेक दिसतील, सगळ्यांना समान नियम. एकही वाक्य खोटं नव्हतं. आमचे दोन टेस्टर, ओंकार आणि फरीन, ह्यांनी महिनाभर दोन प्रतींनी खेळून बघितलं. डाव लांबले, निकाल दोघांत सारखे विभागले गेले, दोघांनाही मजा आली. नियम बदलला.

म्हणजे टेबल नंबर अकरावर मी वापरलेला नियम माझा होता आणि तिथली परिस्थितीही माझ्यामुळेच आली होती. त्यातली दुसरी गोष्ट मला जेवणाच्या सुट्टीत कळली.

वाशीतला एका समाजाचा हॉल आम्ही भाड्याने घेतला होता. मी बाहेरच्या पायरीवर डबा उघडून बसले होते. एक बाई आल्या. हिरवी साडी, खांद्यावर पर्स, हातात मी लिहिलेली स्लिप.

“मॅडम, ह्याच्यावर काय लिवलंय ते जरा वाचून दाखवाल? मना इंग्रजी येत नाय.”

मी वाचून दाखवलं. खेळाडूने वाजवीपेक्षा जास्त वेळ घेतला, एकदा ताकीद देऊन सुधारणा झाली नाही, म्हणून हा डाव गमावला. खाली नामदेव म्हात्रे अशी सही.

“बरा,” बाई म्हणाल्या. “त्यांना विचारला तर बोलतान, कायतरी टायमाचा हाय.”

मी म्हटलं, त्यांनी वाचूनच सही केली आहे. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग स्लिपची घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि माझ्या शेजारी पायरीवर बसल्या.

“त्यांना वाचता येत नाय, मॅडम. दोन वर्सां झाली. झटका आला तवापासून. अक्षरां दिसतान, पन लागत नाय. लिवता येता. सही येता. स्वताचा लिवलेलापन वाचता येत नाय.”

मी डब्याचं झाकण लावलं.

ह्या त्यांच्या पत्नी, रंजनाबाई. त्यांनी पुढचं शांतपणे सांगितलं. सानपाड्याच्या गावठाणात त्यांचं घर. नामदेव म्हात्रे द्रोणागिरीच्या एका कंटेनर यार्डात सुपरवायझर होते. दिवसभर कंटेनरचे नंबर वाचायचे आणि लिहायचे, लांबलचक, अक्षरं-आकडे मिसळलेले. मेंदूला झटका आला तो नेमका वाचण्याच्या जागेवर. बोलणं जरा अडखळलं, नंतर सुधारलं. हात-पाय धड राहिले. वाचन गेलं. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली होती, तिच्या कपाटात ‘बारा बंदरं’ची कार्डं होती. गलबतांची चित्रं बघून ते कार्डं चाळायला लागले. रंजनाबाई प्रत्येक कार्ड वाचून दाखवायच्या आणि ते चित्राला ते शब्द चिकटवून ठेवायचे. एक कार्ड पाठ व्हायला तीन-चार आठवडे लागायचे. असं वर्षभर केल्यावर तेरा कार्डं झाली. प्रत्येकी चार प्रती, एकाच्या दोन, म्हणजे पन्नास. तेरा कार्डांत एक माणूस टेबलावर बसू शकत होता.

“मग तुमी चाराचे दोन केले,” त्या म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती. “आता पंचवीस लागतान. चार म्हयने झाले, बारा नवीन पाठ करतोय आमी. नीट बसली नाय अजून. म्हनून टायम लागला.”

मी विचारलं, सकाळी सांगितलं का नाही? जजला सांगितलं असतं तर काही सोय केली असती. वेळ वाढवून दिला असता.

“ते सांगनार नाय. मनापन सांगू देत नाय.” मग म्हणाल्या, “घरी ते पेशंट हायत. लग्नाकार्यात पेशंट हायत. यार्डातले दोस्त भेटाया येतान ते पेशंटला. हितं टेबलावर बसले का नाय, तवा ते पेशंट नसतान. एवढाच.”

तेवढ्यात हॉलमधून पुढच्या राउंडची घोषणा झाली आणि मला उठावं लागलं. नामदेव म्हात्रे उरलेले दोन्ही राउंड हरले. मी त्या बाजूला फिरकलेच नाही, दुसऱ्या जजला पाठवलं. आता त्यांच्याकडे बघितलं असतं तर मी पेशंटकडेच बघितलं असतं, आणि ते त्यांना कळलं असतं.

पुढच्या रविवारी, ते ‘वाचून दाखव’ डोक्यात घेऊन, मी जिग्नेशभाईंच्या दुकानात गेले. वाशीत सेक्टरच्या आतल्या गल्लीत स्टेशनरीचं दुकान आहे, पोटमाळ्यावर सहा टेबलं मांडून दर रविवारी दुपारी ‘बारा बंदरं’ चालतो. मी पूर्वी एकदा आले होते आणि वैतागून परत गेले होते. कारण तिथे एक विचित्र पद्धत होती. कुणीही कार्ड टाकलं की ते मोठ्याने पूर्ण वाचायचं. सहा टेबलांवर बारा माणसं वाचत असायची, त्यामुळे कांदा-बटाटा मार्केटात लिलावाला आल्यासारखं वाटायचं. मी तेव्हा रिपोर्टमध्ये लिहिलं होतं: खेळ संथ, वाचनाची अनावश्यक सवय. आता मी जिग्नेशभाईंना विचारलं, ही पद्धत कोणी सुरू केली.

“कोनी नाय,” ते बिलबुक बाजूला ठेवत म्हणाले. “म्हात्रे काका सगळ्यांना बोलायचे, वाच ना, वाच ना. पोरं वाचायची. मग एकट्यासाठी वाचलं तर बरं नाय दिसत ना, मॅडम. म्हणून सगळे सगळ्यांसाठीच वाचायला लागले. काकांना वाटतं इथला रूलच आहे.”

म्हणजे पोटमाळ्यावरच्या बारा माणसांनी न सांगता, न लिहिता जो नियम केला, तो नीट चालला होता. मी अर्धा तास मीटिंग घेऊन, महिनाभर टेस्टिंग करून केलेला नियम चालला नव्हता.

आमचं टेस्टिंग कुठे चुकलं ते मला त्या पोटमाळ्यावरच समजलं. ओंकार आणि फरीन कार्ड कधी वाचतच नाहीत. त्यांना सगळी कार्डं तोंडपाठ असतात, ते नुसतं चित्र बघतात. मीही तेच करते. तेरा प्रकार असोत की पंचवीस, आम्हाला फरक पडत नाही. त्यामुळे आम्ही वेळ मोजला, निकाल मोजले, वैविध्य मोजलं, पण लक्षात ठेवायला काय लागतं ते मोजलं नाही, कारण आम्हाला ते लागतच नव्हतं. माझे वडील मार्केटात पोती तोलायच्या कामावर होते. रोज सकाळी पहिलं पोतं चढवण्याआधी ते रिकामा काटा शून्यावर आहे का ते बघायचे. मला ती नुसती सवय वाटायची.

सोमवारी अभिजितला सगळं सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही.

“वाईट वाटतंय, मॅडम. पण एका माणसासाठी नियम बदलायचा? आपण त्यांना स्पेशल परमिशन देऊ. चार प्रती खेळू देत त्यांना.”

“ते घेणार नाहीत.”

“मग आपण काय करणार?”

“एका माणसासाठी नियम बदलू नकोस,” मी म्हटलं. “आपण एका कार्डासाठी सगळ्यांचा नियम बदलला. उधाण चुकलं होतं. मी चुकवलं होतं. ते लपवायला मी सगळ्यांच्या प्रती निम्म्या केल्या.”

त्याने टेबलावरचा नवा बॉक्स आपल्याकडे ओढला. झाकणावर उधाणाचं चित्र होतं, निळ्या-काळ्या लाटा आणि वाकलेली शिडं.

“काकू, हे तुम्ही तेव्हा का नाही बोललात?”

ह्याला माझ्याकडे उत्तर होतं, पण चांगलं नव्हतं. लाज वाटली म्हणून, असं मी सांगितलं.

त्याने पुरावा मागितला आणि ते बरोबरच होतं. माझ्या अपराधी वाटण्यावर कंपनी चालत नाही. मग मी एक टेस्ट आखली. आर्टिस्टकडून टाकून दिलेली जुनी चित्रं घेतली आणि त्यांची पंचवीस कार्डं प्रेसमधून प्रूफवर काढून आणली. चित्राखालची जागा कोरी. कोणतं कार्ड काय करतं ते मी ओंकार आणि फरीनला वाचून दाखवायचं, त्यांनी लक्षात ठेवून खेळायचं. लिहून घ्यायचं नाही.

पहिली तेरा त्यांनी दोन दिवसांत धरली. तिसऱ्या दिवशी मी उरलेली बारा दिली. चौथ्या दिवशी ओंकार एका फेरीत पाच मिनिटं बसला. ओठ हलत होते. पुढे ओढायचा, मागे सरकवायचा. मला टेबल नंबर अकरा आठवलं आणि मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. पाचव्या दिवशी फरीनने कार्डं खाली ठेवली.

“मॅडम, नवीन नाही, मी जुनी विसरायला लागलेय. तेराव्या कार्डापर्यंत सगळं क्लिअर होतं. आता हे तांडेलाचं कार्ड पहिल्या दिवशीचं आहे, आणि मला आठवत नाही.”

दोघंही पंचविशीतले, डोकं धड असलेले. आणि हेच त्यांचं काम. अभिजितने तो डाव स्वतः बघितला आणि म्हणाला, नोटीस लिहा.

नोटिशीवरून मात्र वाजलं. त्याला ‘फेरविचार’ हा शब्द हवा होता. मी ‘चूक’ लिहिलं होतं. मी त्याला म्हटलं, एकोणीस वर्षं मी फेरविचारच लिहिला आहे, आता एकदा चूक लिहू दे. शेवटी नोटीस अशी गेली: उधाण हे कार्ड लिहिताना आमची चूक झाली; यापुढे उधाणाची एकच प्रत चालेल; बाकी सर्व कार्डांच्या पूर्वीप्रमाणे चार. खाली माझी सही. त्या दिवसापासून माझ्या कुठल्याही कार्डावर दुसऱ्या एका माणसाची सही लागते. हे अभिजितने ठरवलं आणि मला ते योग्य वाटलं.

ज्यांच्याकडे उधाणाच्या चार-चार प्रती होत्या त्यांनी इंटरनेटवर मला भरपूर सुनावलं. ते सगळं मी वाचलं. कारण मला वाचता येत होतं.

नोटीस लागू झाल्यानंतरच्या रविवारी मी पुन्हा पोटमाळ्यावर गेले. खरं सांगते, शाबासकी घ्यायला गेले होते. म्हात्रे काका कोपऱ्यातल्या टेबलावर बसले होते. रंजनाबाई जिन्यापाशी खुर्चीवर होत्या. मी त्यांना हळूच विचारलं, आता जुना डेक परत आला ना?

त्यांनी मान हलवली, पण होकाराची नाही.

“नवीन घुसवली तवा जुनी चार गेली, मॅडम. नऊ हायत. ती चार परत वाचून दाखवली, चित्र बघतान, पन आता तिथं दुसराच कायतरी येता. नव्यांतली सात बसलीत. पाच नाय बसली. आता सोला हायत. त्यातूनच करतान कायतरी.”

मी हिशेब केला. नऊ आणि सात, सोळा. आधी तेरा होती. आकड्यात बघितलं तर तीन वाढलीच होती. पण जुनी तेरा एका बेताची होती, एकाने दुसऱ्याला हात द्यायचा. ही सोळा म्हणजे दोन मोडलेल्या डेकमधलं उरलेलं सामान होतं. ज्या चार कार्डांवर तो बेत उभा होता, त्यातली तीन गेलेल्यांत होती. नियम मी नोटीस काढून मागे घेतला होता. तो त्यांच्या डोक्यातून मागे घ्यायची सोय नव्हती. हे मला आधी कळायला हवं होतं. फरीन कार्डं खाली ठेवून तेच तर सांगत होती, आणि मी तेव्हा फक्त माझा मुद्दा सिद्ध झाला म्हणून खूश होते.

मी म्हात्रे काकांच्या समोरच्या खुर्चीवर बसले. “खेळू या?” विचारलं. ते म्हणाले, “बसा, मॅडम.” मला ओळखलं होतं. स्लिपचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

पहिलं कार्ड टाकलं आणि सवयीने गप्प बसले. ते वाट बघत होते. मग मी मोठ्याने वाचलं. स्वतः लिहिलेली कार्डं मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी वाचून दाखवत होते. साधी साधी कार्डं चांगली गेली. ‘एक बंदर पुढे जा.’ ‘समोरच्याचा एक तांडेल परत पाठवा.’ ते मान डोलवायचे आणि आपली फेरी खेळायचे. त्यांची जुनी नऊ आली की हात झरझर चालायचा. नव्यांपैकी आलं की थांबायचा, ओठ हलायचे. मी घड्याळ उलटं करून ठेवलं होतं.

सहाव्या फेरीत माझ्या हातात उधाण आलं. एकच प्रत, आता कायदेशीर. मी ते मांडलं आणि वाचलं. तुमच्या बंदरात तीन किंवा अधिक गलबते असतील आणि या फेरीत. मध्येच माझा श्वास संपला. पुन्हा घेतला आणि पूर्ण केलं.

“परत वाचा,” ते म्हणाले.

मी परत वाचलं.

“अजून एकदा.”

तिसऱ्यांदा वाचताना मलाच मधल्या अटी कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात ते नीट लागेना. वाचून झालं. त्यांनी चित्रावर बोट ठेवलं.

“कोनी लिवलाय ह्यो?”

“मी.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता, कीवही नव्हती. यार्डात चुकीच्या रांगेत लागलेल्या कंटेनरकडे सुपरवायझर बघेल, तसं.

“लांब हाय,” ते म्हणाले आणि आपलं कार्ड टाकलं.

तो डाव मी जिंकले. त्यांचा जुना डेक असता तर हरले असते.

तेव्हापासून ऑफिसात एक पद्धत आहे, ती कुठल्याही रूलबुकात नाही. नवीन कार्ड छापायला जाण्याआधी मी ते अशा कुणाला तरी वाचून दाखवते ज्याने ते पाहिलेलं नाही. आमच्या प्रेसचा बाइंडर, चहा आणणाऱ्या ताई, कुणीही. एकदाच वाचायचं. समोरचा “परत वाचा” म्हणाला तर कार्ड माझ्या टेबलावर परत. गेल्या सेटमधली अर्ध्याहून जास्त कार्डं परत आली. अभिजित म्हणतो, काकू, तुम्ही आता आखूड लिहायला लागलात. उधाण तेवढं छापून झालेलं आहे, त्यामुळे ते तसंच लांब राहिलं.